सहा इंचांचे अस्वल

या प्रकरणात मला एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. मोहफुलांच्या हंगामात एका पहाटे, उजाडता उजाडता, चाळीस पावलांवरून मी ज्या काळ्या आकारावर बाबांची रायफल रोखली आणि चाप ओढला, तो आकार अस्वलाचा होता, की आमच्या शेजारच्या मैनाबाईचा? या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवतात, असे मी पुष्कळ वर्षे धरून चालले होते. पुढे आयुष्यभर मुलींना भूमिती शिकवली. एखादी मुलगी सिद्धतेच्या मधल्या पायऱ्या गाळून उत्तरावर उडी मारू लागली, की मी तिला फळ्याशी उभी करून पहिल्यापासून सारे लिहायला लावत असे. तोच नियम आता स्वतःला लावते. आधी घर, मग भिंत, मग झाड, अशा क्रमाने सांगते.

आमचे गाव तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाच्या अगदी कडेला होते. शाळा एका खोलीची, आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमचे घर. बाबा शाळेचे एकुलते एक शिक्षक, म्हणून सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. घरात आई, बाबा आणि मी, तिघेच. समोर पडवी, मग मधली खोली, आणि मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. या भिंतीला मी ‘मधली भिंत’ म्हणेन, कारण पुढची पुष्कळशी हकिगत तिच्याभोवतीच घडली. भिंत मातीची, हातभर जाड, छुईच्या पांढऱ्या मातीने सारवलेली. पलीकडच्या अंगाला आईची चूल. त्यामुळे थंडीतही या भिंतीला हात लावला की ती अंगात ताप असल्यासारखी कोमट लागे. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोळीचे वरण, संध्याकाळी भाकरी आणि जवसाची चटणी, असे आमचे खाणे होते. चैत्रात मात्र गावभर एकच वास भरून राही. वाळत घातलेल्या मोहफुलांचा तो गोड, जड, किंचित आंबूस वास उशीला, पुस्तकांना आणि केसांनाही लागे. आई ही फुले भाजून जवसाबरोबर कुटून लाडू करी. आज शहरात कधी तो वास आला तर मला प्रथम लाडू आठवत नाहीत, भिंत आठवते.

मोहफुले वेचण्याची तिकडची रीत ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. फुले झाडावरून तोडत नाहीत. ती रात्री आणि पहाटे आपोआप गळतात. म्हणून हंगामाच्या तोंडी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन मोकळी करतात. त्या काळ्या राखेवर फिकट फुले पडली की अंधुक उजेडातही दिसतात. कोणते झाड कोणत्या घराचे हे ठरलेले असते. आणि अस्वलालाही मोहफूल माणसाइतकेच आवडते. म्हणून झाडाखाली जाण्याआधी वेचणारणीने दुरूनच ‘होऽऽ’ असा आवाज द्यायचा, खाली कोणी असेल तर त्याला निघून जायला वेळ द्यायचा, आणि मगच पुढे व्हायचे. ही रीत इतकी मुरलेली होती, की आमच्या शाळेतल्या मुली संडासाला जातानासुद्धा गमतीने ‘होऽऽ’ करत.

आदल्या वर्षी मैनाबाईच्या नवऱ्याने, लच्छूभाऊंनी, आवाज दिला होता की नाही कोण जाणे. नाल्याकाठच्या मोहाखाली अस्वलाने त्यांना गाठले आणि चेहरा ओरबाडून काढला. ते वाचले. पण तेव्हापासून ते दिवसभर ओसरीत धोतराच्या फडक्याने तोंड गुंडाळून बसत. श्वासाबरोबर फडके आत जाई आणि बाहेर येई, तेवढेच काय ते हलताना दिसे. आमचे घर शाकारून देणारे लच्छूभाऊच होते आणि बाबांचे त्यांच्यावर फार प्रेम होते. या वर्षी हंगाम सुरू होताच त्याच झाडाखाली आणखी एका म्हाताऱ्याला अस्वलाने फाडले. तेव्हा गावाने चावडीत ठरवले की अस्वल मरेपर्यंत नाल्याकाठच्या मोहांखाली कोणी पाऊल टाकायचे नाही. रेंजर साहेबांनी तोंडी परवानगी दिली. पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली रायफल गावात एकट्या बाबांकडे होती, आणि त्यांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला होता. बाबांनी सर्वांसमोर शब्द दिला.

घरी आल्यावर त्यांनी दार लोटून घेतले आणि आम्हा दोघींना सांगितले, की गेले सहा महिने त्यांना उजव्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. मोतीबिंदू होता. डाव्या डोळ्याने हजेरीपट चालत होता. नेम चालत नव्हता.

“मग शब्द काऊन दिला?” आईने विचारले. आई शाळामास्तराची बायको असली तरी बोलणे तिचे माहेरचे होते.

“लच्छू समोर बसला होता,” बाबा म्हणाले.

“त्याले काय दिसते फडक्यातून?”

“तेच तर.”

मग ते माझ्याकडे वळले. मी सोळा वर्षांची होते. माझी नजर चांगली होती, हात स्थिर होता, आणि सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या क्रमाने करण्याची मला आवड होती. नेम मी धरायचा, शेजारी बाबा असतील, आणि गावाला काय सांगायचे ते नंतर पाहू, असे ठरले. आई त्या दिवशी जेवली नाही.

काडतुसे मोजकी होती आणि गोळीबाराचा आवाज गावभर गेला असता. म्हणून सराव रिकाम्या रायफलीने, घरातच करायचा होता. त्यासाठी लक्ष्य कसे तयार करावे, हे बाबांनी मला गणित म्हणूनच घातले. बसून फुले वेचणारे अस्वल जमिनीपासून सुमारे तीस इंच उंच दिसते. आम्ही बसणार त्या मचाणापासून नाल्याकाठचा मोह चाळीस पावलांवर. पडवीच्या कडेपासून मधली भिंत आठ पावलांवर. तर भिंतीवरचे अस्वल केवढे काढावे? समरूप त्रिकोण मी नुकतेच शिकले होते. चाळीसाचा पाचवा भाग आठ, म्हणून तिसाचा पाचवा भाग सहा. सहा इंच. बाबांनी चुलीची काजळी मोहाच्या बियांच्या तेलात खलली, दोऱ्याला खिळा बांधून परकार केला, आणि मी पांढऱ्या भिंतीवर सहा इंच व्यासाचा काळा गोल काढला. कडा बोटाने पुसून अंधुक केल्या, कारण अस्वलाला रेखीव कड नसते. जमिनीपासूनची उंचीही मोजून घेतली, म्हणजे पडवीत बाजेवर पालथे पडून नेम धरला की नळी किंचित खाली झुके, मचाणावरून झुकेल तितकीच.

सरावाचा क्रम ठरलेला होता. काडतुसांचा डबा शाळेच्या कपाटात कुलपात आहे हे पाहायचे. रायफल हातात आली की प्रथम खटका, म्हणजे काडतुसाची जागा उघडणारा दांडा, मागे ओढायचा. आत काही असेल तर काढून डाव्या गुडघ्याशी ठेवायचे. करंगळी घालून नळीचे बूड चाचपायचे. खटका बंद करायचा. मगच दस्ता खांद्याला. बाबा हाडाचे शिक्षक. कधी कधी ते मुद्दाम एखादे उडालेले, पोकळ काडतूस आत घालून रायफल माझ्या हाती देत आणि मी विसरते का ते पाहत. मी एकदाही विसरले नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची बारीक खूण, मागच्या खाचेत बरोबर बसवायची, माशी गोलाच्या खालच्या कडेला टेकवायची, नजर गोलावर न ठेवता माशीवर ठेवायची, अर्धा श्वास सोडून थांबायचे, आणि चाप असा ओढायचा की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. टक्. रोज शाळा सुटल्यावर, चिमण्या पडवीत येण्याच्या वेळी, साठ वेळा टक्.

भिंतीपलीकडे आई चुलीच्या बाजूला, भिंतीकडे पाठ करून भाकरी थापत असे. प्रत्येक टक् बरोबर तिच्या हाताचा ठेका चुके. चौथ्या दिवशी ती पिठाचे हात घेऊन दारात आली.

“अजी, ती नळी माह्या पाठीकडे आहे.”

“रिकामी आहे. मध्ये हातभर माती आहे.”

“मले माहीत आहे रिकामी आहे. पाठीले नाई माहीत.”

बाबांनी चूल हलवण्याची तयारी दाखवली. तिने नकार दिला. ऐन हंगामात चूल मोडायची नसते, असे तिचे म्हणणे होते. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली आणि परात होती तिथेच ठेवून भाकरी मागे वळून थापू लागली.

आता भिंतीविषयी. पहिल्या आठवड्यात मला एक गोष्ट आढळली. माशीवर नजर खिळवून मनात अंक मोजत राहिले, की वीस-पंचविसाच्या सुमारास काळा गोल फिकट होऊ लागे, आणि मग नाहीसाच होई. त्या जागी पांढरी भिंत दिसे, सलग, डाग नसलेली. पापणी लवली की गोल परत येई. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी रायफल खाली ठेवून भिंतीशी गेले आणि हात लावून पाहिले. गोल होता तिथेच होता. बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “डोळा कंटाळतो. तोच तोच निरोप मेंदूला पाठवायचे बंद करतो. गोल गेला तरी तू हलू नकोस. तो परत येईल, तेव्हा चाप ओढ.” फार पुढे एका डोळ्यांच्या डॉक्टरांनीही मला जवळपास हेच सांगितले. मी न हलायला शिकले. समोर काही नाही हे दिसत असताना त्यावर नेम धरून पडून राहायचे, आणि ते परतण्याची वाट पाहायची. तिन्हीसांजेच्या उजेडात, मोहाच्या त्या वासात, हे मी रोज करत होते, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती. मला भीती न वाटण्याची भीती आईला वाटत होती, हे मला आता समजते.

दुसरी गोष्ट आईला आढळली. गोल वाढत होता. तिने सुतळी लावून दाखवले: सहाचे साडेसहा झाले होते. कारण उघड होते. काजळी तेलात खललेली, भिंत पलीकडून चुलीने तापलेली. तेल मातीत पसरत होते आणि काजळीला बरोबर नेत होते. पण बाबांना गणित सुचले. “भिंतीवर सहा म्हणजे चाळीस पावले. साडेसहा असेल तर अस्वल किती पावलांवर?” मी पाटीवर करून सांगितले: जवळजवळ सदतीस. दोन दिवसांनी सुतळीने सात इंच दाखवले. चौतीस पावले. आईने त्यावर छुईचे दोन हात फिरवले. सकाळपर्यंत काळे पुन्हा वर आले, कडा आणखी अंधुक, आणि आता आठ इंच. तीस पावले. उत्तर पाटीवर लिहून मी खालती दोन रेघा मारल्या, आणि मग पाटी पुसावी की नाही हे मला ठरवता येईना.

त्याच संध्याकाळी मैनाबाई मीठ मागायला आली. ही उंच, हडकुळी, बोलायला खमकी बाई. पडवीत पाय ठेवताच तिला तो गोल दिसला.

“हे का होय जी गुरुजी?”

“अस्वल,” बाबा म्हणाले. “पोरीला त्रिकोण शिकवतो आहे.”

“याचं तोंड कुठी आहे?”

“तोंड नाही काढलं.”

“बरं केलं. माह्या घरी एक बिनतोंडाचा आहेच, तुमच्या घरी दुसरा.” ती हसली, आणि मग लगेच तिने आपला प्रश्न पुढे केला. “कवा बसता मचानावर? वीस दिवस फुलं गळतात, त्यातले नऊ गेले. नाल्यावरच्या तिन्ही झाडाची फुलं अस्वल अन् डुकरं खाऊन राह्यले. पावसाळ्यात मी का झाडाले चाटू?”

“परवा पहाटे,” बाबा म्हणाले. “तोवर तिकडे जायचं नाही, मैनाबाई. चावडीत ठरलं आहे.”

“चावडीले पोट नाई, जी,” ती म्हणाली, आणि मीठ पदरात बांधून गेली.

ठरल्या पहाटे आम्ही कोंबडा आरवल्यावर निघालो. मचाण ऐनाच्या झाडावर बांधलेले, त्यावर पळसाच्या पानांचा थर. समोर चाळीस पावलांवर मोह. प्रथम काहीच दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. मोहफूल मांसल असते. पडताना त्याचा टप् असा ओला, लहानसा आवाज होतो. हजारो फुले एकेक करून पडत होती. कोणीतरी अनवाणी, फार सावकाश, झाडाभोवती चालत असावे असे वाटे. मी मनाशी म्हटले, फुले आहेत. आणि तरी पावले मोजू लागले. बाबांनी खिशातून काडतूस काढले, रायफलीत घातले, खटका बंद केला आणि रायफल माझ्या हातात दिली.

मग राखेचा काळा आणि आभाळाचा राखी रंग वेगळे होऊ लागले. जमिनीवर फुलांचे फिकट ठिपके उमटले. आणि त्या ठिपक्यांमध्ये, बुंध्याशी, एक जागा अशी होती की जिथे ठिपके नव्हते. ती जागा गोल होती. तिला रेखीव कड नव्हती. ती अगदी थोडी पुढे मागे होत होती, वेचणारा होतो तशी.

“दिसलं?” बाबांनी कानाशी विचारले. त्यांना काही दिसत नव्हते.

“हो.”

“केवढं?”

“सहा इंच,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवले. ती परवानगी होती. दस्ता खांद्याला, माशी खाचेत, खालची कड, अर्धा श्वास. मी मोजू लागले. पंचविसाला तो आकार फिकट झाला आणि गेला. झाडाखाली फक्त फुले दिसू लागली. मी हलले नाही. तेहतिसाला तो परत आला, किंचित डावीकडे. भिंतीवरचा गोलही कधी कधी असा सरकल्यासारखा वाटे, म्हणून मी माशी तेवढी डावीकडे नेली आणि चाप ओढला.

टक्.

या आवाजानंतर किती वेळ गेला हे मला सांगता येत नाही. बाबांचे बोट अजून खांद्यावर होते. फुले पडत होती. मग झाडाखालचा काळा आकार उंच झाला, आणखी उंच झाला, आणि म्हणाला,

“कोन हाय वरतं?”

डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली मैनाबाई टोपली कमरेवर घेऊन उभी होती.

काडतूस माझ्या डाव्या गुडघ्याशी, पानांवर पडलेले होते. जिवंत, जड, न उडालेले. रायफल हातात येताच माझ्या हातांनी खटका मागे ओढला होता, आतले काढले होते, करंगळी घालून पाहिले होते, खटका बंद केला होता. हे केल्याची आठवण मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. शेजारी बसलेल्या बाबांनी खटक्याचा आवाज ऐकला असणार. पण तो आवाज रोजच्या सरावाचा भाग असल्याने त्यांच्या कानाने तो सोडून दिला.

बाबा खाली उतरले ते शिडीला धरून, एकेक पायरी चाचपत. जमिनीवर पोचल्यावर ते खालीच बसले.

“मैनाबाई,” ते म्हणाले, “पोरीनं तुझ्यावर चाप ओढला.”

तिने माझ्याकडे पाहिले, मग रायफलीकडे. “अस्वल समजून ओढला असन.”

“आवाज का नाही दिलास?”

“आवाज देल्ला असता त तुमी वापस धाडलं असतं. बंदूक वर असली म्हंजे अस्वलाचं भेव नाई, म्हनून आजच आली.”

“केव्हापासून बसली होतीस इथे?”

“बसली कुठी? आत्ताच आली मी. नाल्याकडून.”

टोपली पाऊण भरलेली होती. बाबांनी तिच्याकडे नुसते पाहिले. “हे पलीकडच्या झाडाचे,” ती म्हणाली. मग जरा हसल्यासारखे करून म्हणाली, “जाऊ द्या जी. अस्वल बी माह्या घरच्याले दुसरं अस्वल समजूनच झोंबलं असन.”

बाबांनी मला राख तपासायला लावली, कारण त्यांना ते दिसणार नव्हते. ज्यांनी अस्वलाचे पाऊल पाहिले नाही त्यांनी हे लक्षात घ्यावे, की मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखाच असतो, थोडा आखूड आणि रुंद. राखेत दोन्ही ठसे होते. एके ठिकाणी अस्वलाच्या टाचेवर मैनाबाईचा अंगठा उमटला होता. काही ठिकाणी ठसा कोणाचा, हे मला ठरवता आले नाही. बुंध्याच्या दोन्ही अंगांना जमीन वेचून स्वच्छ केलेली होती. मचाणावरून जी जागा मी पाहिली ती नेमकी कोणती, हे जमिनीवर उभे राहून ओळखू येईना. बाबा म्हणाले, टक् झाल्यावर त्यांना नाल्याच्या दिशेने पाला वाजल्यासारखे वाटले. मला तसे काही ऐकू आले नव्हते.

त्या दिवशी दुपारी बाबा चावडीत गेले आणि मलाही बरोबर नेले. त्यांनी सर्वांसमोर सांगितले की त्यांचा उजवा डोळा गेला आहे, हे त्यांना माहीत असताना त्यांनी शब्द दिला, लेकीच्या हातात रायफल दिली, आणि आज गावातली एक बाई केवळ चुकीने वाचली. मग सोमा कोतवाल म्हणाला, “मंग गुरुजी, मांगच्या साली ते डुक्कर कोनं मारलं जी? का ते आपल्याच मनानं मेलं?” लोक हसले. बाबांचे कान लाल झालेले मी पाहिले. हसले नाहीत ते एकटे लच्छूभाऊ. ते कोपऱ्यातून उठले, बाबांजवळ येऊन बसले, आणि चावडी उठेपर्यंत तिथेच बसून राहिले. फडके आत जात होते, बाहेर येत होते. पुढे गावाने ठरवले की बायकांनी ऊन पडल्यावर, घोळक्याने, डबे वाजवत नाल्यावर जावे. उरलेली फुले तशीच वेचली गेली. अस्वल त्या वर्षी पुन्हा कोणाला दिसले नाही. बाबांनी रायफल ठाण्यात जमा केली, पावसाळ्यानंतर नागपूरला जाऊन डोळा कापून घेतला, आणि जाड भिंगाच्या चष्म्यातून आणखी अकरा वर्षे हजेरी घेतली.

इथपर्यंतचे उत्तर मी असे मांडत आले होते: तो आकार मैनाबाईचा होता, ती आधीपासून बसलेली होती, चावडीचा नियम मोडल्यामुळे तिने खोटे सांगितले. पुरावा म्हणजे टोपली. हे उत्तर पटण्यासारखे होते आणि त्याने मला बरीच वर्षे झोपही लागू दिली.

मग शिक्षिका होऊन कितीतरी वर्षांनी मी गावी गेले. बाबा, लच्छूभाऊ दोघेही तेव्हा नव्हते. मैनाबाई फार म्हातारी झाली होती, पण डोके साफ होते. मी तिला सरळ विचारले, “बाई, खरं सांगा. तुम्ही आधीच झाडाखाली बसल्या होत्या ना?”

“बसली होती,” ती म्हणाली. “आता काय लपवाचं? उजाडाच्या आंधीपासून बसली होती.”

मला सुटल्यासारखे वाटले. “म्हणजे मी पाहिलं ते तुम्हीच.”

“ते मले काय माहीत, पोरी? आमी दोघी होतो नं.”

“दोघी?”

“बुंध्याच्या त्या अंगाले दुसरी कोनी येचून राह्यली होती. काळं पांघरून. मले वाटलं तुही माय आहे. गुरुजींची बायको चोरून फुलं येचते, मी पन चोरून येचतो. दोघी चोर, बोलाचं कायले? म्हनून मी चूप बसली. तुहं ते टक् वाजलं, अन् मी उभी झाली, त ती नव्हती.”

आई त्या पहाटे घरी होती. आम्ही परतलो तेव्हा ती चुलीशी बसलेली होती, आणि पेज अर्धी शिजली होती.

तेव्हा माझ्या प्रश्नाला दोन नव्हे, तीन उत्तरे संभवतात, आणि तिसरे असे: पंचविसाच्या आधी माझ्या माशीवर दोहोंपैकी एक आकार होता आणि तेहतिसानंतर दुसरा. मधल्या आठ अंकांत मला काहीच दिसत नव्हते, आणि जे गेले तेच परत आले, असे मी गृहीत धरले. पाटीवर केलेले गणित असते तर गृहीत धरलेल्या पायरीखाली मी लाल रेघ मारली असती.

वाचकांना माझी विनंती आहे. पांढऱ्या भिंतीवर कोळशाने सहा इंचांचा गोल काढावा, कडा बोटाने पुसून अंधुक कराव्यात. त्याच्या खालच्या कडेशी एक बारीक खूण करावी. तिन्हीसांजेला आठ पावलांवर बसून, एक डोळा मिटून, पापणी न लवता त्या खुणेकडे पाहावे आणि चाळीसपर्यंत मोजावे. काहींचा गोल जाईल, काहींचा जाणार नाही. ज्यांचा जाईल त्यांनी तो परतल्यावर आधीच्याच जागी आला का, हे नीट पाहावे, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडूनही तसेच करून घ्यावे. माझ्या सांगण्यावर विसंबू नये.